आधी घड्याळजी शोधा, मग ओमेगा

वाचकाचं पत्र:

मी ठाण्याला बँकेत नोकरी करते, राहते डोंबिवलीला. बढती मिळाली म्हणून स्वतःसाठी एक जुनं स्विस घड्याळ घ्यायचं ठरवलंय. कपाटात ठेवायला नको, रोज ऑफिसला घालायला हवंय. बजेट ५० हजार. ऑनलाइन तीन घड्याळं पाहून ठेवलीत. पहिलं सोनेरी ओमेगा सीमास्टर, काळी चकचकीत डायल, 'अगदी नव्यासारखं', २२ हजार. दुसरं रोलेक्स ऑइस्टरडेट प्रिसिजन, 'तातडीने विकणे', ५० हजार. तिसरं स्टीलचं चावीचं ओमेगा जेनेव्ह, डायल पिवळसर झालेली, काचेवर ओरखडे, ४० हजार. याचा विक्रेता पुण्यात आहे. बाबा म्हणतात, एवढ्या पैशात नवं कोरं येईल, जुन्याचं लोढणं कशाला? शिवाय माझं मनगट बारीक आहे. लोकलची गर्दी, घाम, पाऊस यात जुनं घड्याळ टिकेल का? तिघांतलं कुठलं घेऊ?

उत्तर:

तिसरं घ्या. मात्र पैसे पाठवायच्या आधी एक काम करा. एक चांगला घड्याळजी गाठा. सेल आणि पट्टे बदलणारा नको. मशीन पूर्ण सोडून, एकेक भाग धुऊन, योग्य जागी योग्य तेल देऊन परत जोडणारा हवा. ठाण्यात, दादरला, गिरगावात जुन्या दुकानांतून अशी माणसं अजून बसतात. त्यांना दोन प्रश्न विचारा. 'तुमच्याकडे टाइमग्राफर, म्हणजे घड्याळाची चाल मोजणारं यंत्र, आहे का?' आणि 'सर्व्हिसिंगला मशीन सोडता की तसंच पेट्रोलमध्ये बुडवून काढता?' दुसऱ्या प्रश्नाला जो बिचकत नाही आणि समोर बसवून काम दाखवतो, तो तुमचा माणूस. जुनं घड्याळ घेणं म्हणजे या माणसाशी पुढच्या वीस वर्षांचं नातं जोडणं आहे, म्हणून त्याचा नंबर घड्याळाच्या आधी लागतो.

आता तुमची तीन घड्याळं.

सोनेरी सीमास्टर सोडून द्या. जगभरच्या जुन्या घड्याळांच्या शौकिनांमध्ये अशा मालाला आपल्याच शहराचं नाव पडलंय, 'मुंबई स्पेशल'. त्यामागे आपल्या देशाचा इतिहास आहे. स्वातंत्र्यानंतर परदेशी घड्याळांच्या आयातीवर कडक बंधनं होती. एचएमटीने जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळूरला घड्याळं काढायला सुरुवात केली ती १९६१ मध्ये. तोवर आणि त्यानंतरही हातात असलेलं स्विस घड्याळ दुरुस्त करत करत दोन-दोन पिढ्या वापरलं जायचं. आपल्या दमट हवेत डायलवर डाग पडतात, रंग सुटतो. मग ती डायल खरवडून नव्याने रंगवायची, काटे दुसऱ्या घड्याळाचे लावायचे, केसला, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या कवचाला, बफ मारायचा. हे काम करणाऱ्या कारागिरांच्या हातात कसब होतं आणि ज्याचं घड्याळ होतं त्याला ते चालू हवं होतं, इतकाच त्यात हेतू होता. ती गरज रास्त होती. आज त्याच पद्धतीने पाच घड्याळांचे भाग एकत्र करून, वर ओमेगाचं चिन्ह छापून, 'नव्यासारखं' म्हणून विकलं जातं तेव्हा ती फसवणूक होते.

रंगवलेली डायल ओळखायला शिका, कारण जुन्या घड्याळाच्या किमतीचा मोठा वाटा डायलमध्येच असतो. विक्रेत्याकडून डायलचा उजेडात काढलेला, जवळून घेतलेला फोटो मागा आणि मोबाइलवर मोठा करून बघा. सहाच्या आकड्याखाली 'स्विस मेड' ही बारीक अक्षरं आहेत का? रंगवताना ती बहुतेक वेळा गळतात किंवा वाकडी, जाड उमटतात. ओमेगाच्या चिन्हाचे पाय सरळ आणि कोरीव हवेत. फुगीर, ओघळल्यासारखे दिसले तर ते हाताने किंवा ढोबळ छापाने केलेलं काम आहे. मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांच्या बरोबर मध्यावर येतात का ते पाहा. मूळ कारखान्यातली डायल पन्नास वर्षांनी पिवळी पडली असेल, कडेने डागाळली असेल, पण तिची छपाई आजही सुईच्या टोकासारखी तीक्ष्ण असते.

आणखी एक परीक्षा घरबसल्या होते. अंधारात चमकणारे ठिपके आणि काटे बघा. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत त्यासाठी रेडियमचा रंग वापरत. नंतर ट्रिटियम आलं, आणि अशा पुष्कळ डायलवर 'स्विस मेड'च्या दोन बाजूंना टी हे अक्षर छापलेलं असतं. ट्रिटियमची किरणोत्सारिता दर सव्वाबारा वर्षांत निम्मी होते. म्हणजे १९६८ च्या घड्याळातले ठिपके आज जवळपास विझलेले असायला हवेत. रेडियम सोळाशे वर्षं निम्मं होत नाही, पण त्यातला चमकणारा पदार्थच किरणांनी जळून गेलेला असतो. तेव्हा एवढं जुनं घड्याळ रात्रभर हिरवंगार चमकत असेल तर तो रंग अलीकडे लावलाय. रेडियमच्या बाबतीत सावधगिरीही हवी. असं घड्याळ हातात घालायला सहसा धोका नाही, पण ते स्वतः उघडू नका आणि डायलवरचा रंग खरवडून तर मुळीच बघू नका. त्याची भुकटी श्वासातून आत जाणं वाईट. रोजच्या वापरासाठी मी तुम्हाला १९६० च्या आधीचं घड्याळ सुचवत नाही, त्याचं हे एक कारण आहे.

सीमास्टर सोनेरी आहे, ही त्याच्या विरोधात जाणारी दुसरी गोष्ट. त्या किमतीत सोनं नसतं, मुलामा असतो. पट्टा अडकतो त्या चार कोपऱ्यांवर आणि पाठीच्या कडेला घामाने तो आधी झिजतो आणि खालचं पितळ उघडं पडतं. डोंबिवली-ठाणे रोजच्या प्रवासात मे महिन्याचा घाम लागला की पितळ काळं पडतं, त्यात खड्डे पडतात, आणि त्याला धड उपाय नसतो. रोज घालायचं तर स्टीलच घ्या.

रोलेक्सबद्दल फार लिहायला नको. अस्सल, मूळ भागांचं ऑइस्टरडेट प्रिसिजन ५० हजारांत येत नाही. त्या किमतीत मिळतं ते एक तर नकली असतं, नाही तर आतलं मशीन खरं आणि डायल, काटे, कधी केससुद्धा बाहेरची, असं असतं. आणि समजा नशिबाने खरं निघालं, तरी रोलेक्स आपले सुटे भाग बाहेरच्या घड्याळजींना विकत नाही. काही मोडलं तर तुमच्या बजेटला झेपणार नाही. 'तातडीने विकणे' हे शब्द खरेदीदाराने विचार करू नये म्हणून लिहिलेले असतात.

आता जेनेव्ह. ओमेगाच्या घरातलं हे साधं भावंड. कॉन्स्टेलेशन आणि सीमास्टरच्या मागे संग्राहक धावतात, म्हणून जेनेव्हची किंमत आवाक्यात राहिली. मशीनमध्ये मात्र कंपनीने हात आखडता घेतला नव्हता. विक्रेत्याने पाठीचं झाकण उघडून काढलेले फोटो पाठवले असतील तर झाकणाच्या आतल्या बाजूला एक क्रमांक दिसेल. तुमच्या वर्णनावरून तो बहुधा १३५.०४१ असावा. त्या काळातल्या ओमेगाच्या पद्धतीत हे आकडे बोलतात: पहिला १ म्हणजे पुरुषांचं घड्याळ, ३ म्हणजे चावीचं आणि मधोमध सेकंद काटा असलेलं, ५ म्हणजे पाण्यापासून संरक्षण असलेली केस. या मॉडेलमध्ये ६०१ क्रमांकाचं मशीन असायला हवं. तांबूस रंगाचं, १७ ज्वेलचं (चाकांचे आस ज्यात फिरतात ते बारीक खडे), तासाला १९,८०० ठोके देणारं. क्रमांक जुळत नसेल किंवा आत भलतंच मशीन असेल तर मला पुन्हा लिहा, पण पैसे देऊ नका.

'पुरुषांचं' या शब्दाने बिचकू नका. त्या काळातली घड्याळं आजच्या मानाने लहान आहेत. हे साधारण ३५ मिलिमीटर व्यासाचं आणि बेताच्या जाडीचं आहे. बारीक मनगटावर ते शोभून दिसतं आणि शर्टाच्या बाहीखाली सहज सरकतं.

६०१ मला रोजच्या वापरासाठी आवडतं ते त्याच्या साधेपणासाठी. हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणाऱ्या ऑटोमॅटिकमधला फिरणारा भाग नाही, त्याची गिअर नाहीत, तारीख नाही. जे नाही ते बिघडत नाही. मशीनचा तोल सांभाळणाऱ्या चाकाच्या आसाची टोकं केसाइतकी बारीक असतात. घड्याळ पडलं तर आधी तीच मोडतात. १९३० च्या दशकात इन्काब्लॉकसारखी योजना आली, ज्यात ते टोक टेकतं तो ज्वेल एका छोट्या स्प्रिंगवर बसवलेला असतो आणि धक्का लागला की किंचित सरकून परत जागेवर येतो. १९६० च्या दशकातल्या चांगल्या घड्याळात असं संरक्षण असतंच. लोकलच्या दारातल्या दांड्यावर हात आपटणारच आहे, म्हणून हे नसलेलं घड्याळ रोजच्यासाठी विचारातही घेऊ नका. भागांचीही चिंता कमी, कारण या घराण्यातली मशीनं ओमेगाने मोठ्या संख्येने बनवली आणि जुन्या मशीनमधून काढलेले भाग आजही मिळतात.

पिवळसर डायल आणि ओरखडलेली काच ही तुम्हाला उणीव वाटली असेल. मला त्यातच या घड्याळाचा प्रामाणिकपणा दिसतो. काच प्लास्टिकची आहे, चमक आणायची पेस्ट लावून मऊ कापडाने घासली की बारीक ओरखडे निघतात. फार खोल असतील तर बदलता येते. मूळ काच आहे का हे बघायचं असेल तर भिंगातून अगदी मधोमध पाहा, ओमेगाचं इवलंसं चिन्ह कोरलेलं असतं. डायल मात्र कुणी 'नवी करून देतो' म्हणालं तरी हात लावू देऊ नका. केसच्या कडा धारदार आहेत का तेही पाहा. पुन्हा पुन्हा बफ मारलेली केस साबणाच्या वडीसारखी गोलसर होते.

आता मशीनची तब्येत. विक्रेत्याला घड्याळ पूर्ण चावी देऊन टाइमग्राफरवर ठेवायला सांगा आणि त्याचा व्हिडिओ मागा. एकदा डायल वर करून, एकदा उभं धरून. त्यात तीन आकडे दिसतात. दिवसाला किती सेकंद पुढे-मागे जातं, हा पहिला. सगळे याच आकड्याकडे बघतात, पण तो घड्याळजीला दहा मिनिटांत सुधारता येतो. खरा आकडा अँप्लिट्यूडचा, म्हणजे तोल सांभाळणारं चाक किती अंशात झुलतं तो. डायल वर असताना २७० च्या पुढे असेल तर उत्तम. पन्नास-पंचावन्न वर्षांच्या घड्याळाला २५० चालेल. उभं धरल्यावर तो काहीसा उतरतो, ते स्वाभाविक आहे. पूर्ण चावी देऊनही २२० च्या खाली असेल तर तेल सुकलंय किंवा भाग झिजलेत. तिसरा आकडा बीट एररचा, म्हणजे 'टिक' आणि 'टॉक' यांच्या वेळेतल्या फरकाचा, तो एक मिलिसेकंदाच्या आत असावा.

सर्व्हिसिंगबद्दल एक गोष्ट पक्की धरा. 'नुकतंच सर्व्हिस केलंय' या वाक्याला पावती नसेल तर सर्व्हिस झालेलं नाही असं समजा. हे मशीन दिवसाला पावणेपाच लाख ठोके देतं. कोरड्या तेलावर ते चालूच राहतं, थांबत नाही, आणि चालता चालता स्वतःचे आस खात राहतं. म्हणून ५० हजारांचं बजेट म्हणजे घड्याळाला ४० आणि सर्व्हिसिंग, काच, पट्टा यांना १०, असा हिशेब धरा. ४० सुद्धा बोलून थोडे खाली आणता आले तर पाहा, सर्व्हिसिंगची पावती नसणं हे त्यासाठी चांगलं कारण आहे. घरी आल्यावर हातात घालायच्या आधी ते तुमच्या घड्याळजीकडे जाऊ द्या. पुढे दर चार-पाच वर्षांनी.

आता टिकेल का, या तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येतो. टिकेल, पण पाण्यात नाही. केस पाण्यापासून सुरक्षित म्हणून बनवली होती ती नवी असताना. रबराच्या आणि प्लास्टिकच्या कड्या इतक्या वर्षांत कडक होतात, चावीच्या बटणाची खोबण झिजते. घड्याळजीकडून कड्या आणि बटण बदलून घ्या. बटण मूळ नसेल तरी चालेल, ते घट्ट बसणं महत्त्वाचं. एवढं करूनही जून ते सप्टेंबर ते घरी ठेवा. त्या चार महिन्यांसाठी साधं क्वार्ट्झ घड्याळ पुरे. पावसात भिजलंच आणि काचेच्या आत वाफ दिसली तर 'उद्या बघू' म्हणू नका. बटण ओढून ठेवा आणि त्याच दिवशी घड्याळजीकडे द्या. आतल्या पोलादी भागांवर गंज चढायला फार वेळ लागत नाही.

उन्हाळ्यात घरी आल्यावर पाठ आणि पट्ट्याखालचा भाग कोरड्या कापडाने पुसा. चामड्याचा पट्टा घामाने कुजतो, म्हणून रोजच्यासाठी नायलॉनचा अखंड पट्टा घ्या, जो घड्याळाच्या पाठीखालून ओवला जातो. गर्दीत एका बाजूची पिन निसटली तरी घड्याळ हातातच राहतं. चामड्याचा पट्टा थंडीसाठी आणि लग्नसमारंभासाठी ठेवा.

चुंबक हा जुन्या घड्याळाचा आजचा शत्रू आहे आणि तो तुमच्या पर्समध्येच असू शकतो. पर्सचं चुंबकाचं बटण, मोबाइलचं झाकण, लॅपटॉपची कड, टॅबलेटचं कव्हर. घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं आणि एक दिवस ते अचानक मिनिटं-मिनिटं पुढे पळायला लागलं तर घाबरू नका. आतल्या हेअरस्प्रिंगचे, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या चाकाच्या बारीक गुंडाळलेल्या स्प्रिंगचे, वेढे चुंबकत्वाने एकमेकांना चिकटलेले असतात. घड्याळजीकडे ते घालवायचं छोटं यंत्र असतं, मिनिटभराचं काम आहे.

चावी रोज सकाळी एकाच वेळी द्या, हातातून काढून, आणि बटण अडलं की थांबा. दिवसाला दहा-पंधरा सेकंद इकडे-तिकडे गेलं तर समाधान माना. रविवारी सकाळी मोबाइलवरून वेळ लावून घ्या.

तुमच्या बाबांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. घरात एकच घड्याळ असणार असेल, पावसातही तेच घालायचं असेल, आणि दर चार-पाच वर्षांनी सर्व्हिसिंगचा खर्च नको असेल, तर त्यांचं ऐका आणि सेइकोचं नवं ऑटोमॅटिक घ्या. वॉरंटी मिळेल, पैसेही उरतील. पण तुमच्या पत्रात 'कपाटात ठेवायला नको' हे वाक्य आहे, आणि मला वाटतं तुम्हाला रोज सकाळी चावी द्यायला आवडेल. तसं असेल तर पावसाळ्यासाठी दुसरं घड्याळ ठेवा आणि बाबांना जेनेव्हचं मशीन उघडून दाखवायला घड्याळजीकडे सोबत घेऊन जा. ते पाहिल्यावर लोकांची मतं बदलताना मी पाहिली आहेत.

पुण्याचा सौदा फिसकटला तर काय बघायचं तेही सांगतो. टिसोचं सीस्टार, १९६० च्या दशकातलं, स्टीलचं, चावीचं. १९३० पासून टिसो आणि ओमेगा एकाच समूहात होते आणि टिसोने आपली मशीनं मनापासून बनवली. नाव कमी गाजलेलं म्हणून ओमेगापेक्षा पुष्कळ कमी किमतीत मिळतं, आणि माझ्या मते तुमच्या बजेटमध्ये याहून शहाणी खरेदी नाही. लॉन्जिन्सचं स्टीलचं साधं घड्याळही बघा. स्वित्झर्लंडमधल्या सेंट-इमिए गावच्या या कंपनीने जुन्या नोंदी जपल्या आहेत आणि मशीनवरच्या क्रमांकावरून घड्याळाची माहिती कंपनीकडून मिळू शकते, हा मोठा आधार. फेवर-ल्युबाचं सी चीफ किंवा सी किंग आपल्याकडे घराघरांत होतं, कारण ही कंपनी एकोणिसाव्या शतकापासून मुंबईत व्यापार करत होती. पण म्हणूनच बाजारात रंगवलेल्या डायलची फेवर-ल्युबा सर्वांत जास्त आहेत. ऑनलाइन घेऊ नका. मामा, काका, आत्या यांच्या कपाटात पडलेलं मिळालं तर तेच दुरुस्त करून घाला. आणि किंग सेइको फार सुंदर असलं, तरी त्यातल्या ५६ मालिकेत तारीख बदलणारं प्लास्टिकचं चाक तडकतं. घ्यायचंच तर तारखेचा खटका चालतो का ते आधी बघा.

आता पुण्याच्या विक्रेत्याला आजच लिहा: 'झाकणाच्या आतला क्रमांक, मशीनचा पूर्ण फोटो, डायलचा उजेडातला जवळचा फोटो आणि टाइमग्राफरचा दोन स्थितींतला व्हिडिओ पाठवा. मला माझ्या घड्याळजीला दाखवून सात दिवसांत परत करायची मुभा मिळेल का, तेही कळवा.' फोटो आले आणि परतीची मुभा मिळाली, तर कुरिअरच्या भरवशावर राहू नका. एका रविवारी सकाळी रेल्वेने जा, घड्याळ हातात घेऊन कानाशी धरा, चावी पूर्ण द्या, बटण ओढून काटे दोन फेऱ्या फिरवून पाहा, आणि विक्रेत्याकडून मॉडेल आणि मशीनचा क्रमांक लिहिलेली पावती घेऊनच पैसे द्या. परत येताना ते मनगटावर घालू नका, रुमालात गुंडाळून आतल्या खिशात ठेवा आणि सोमवारी थेट घड्याळजीकडे द्या.